टी ट्री लावून अडीच वर्षं झाली : झाड चांगलं आहे, लेबलने घात केला

झाडाचं लेबल बदला या माझ्या तक्रारीवर काल नर्सरीचं शेवटचं ईमेल आलं, "आमच्या बाजूने हा विषय आम्ही बंद करत आहोत". त्यांनी बंद केला, मी नाही केला, म्हणून हा रिव्ह्यू. लांब आहे, आधीच सांगतो.

टी ट्री म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असेलच, फेसवॉशच्या बाटलीवर पान छापलेलं असतं ते. मला पण तेवढंच माहीत होतं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, टारनेटच्या बाजूला. झाड लावायचं कारण म्हणजे गवती चहा. बिनगवती चहाचा चहा मला पावसात छत्री विसरल्यासारखा वाटतो, आणि इथे फुटस्क्रे, सेंट ऑल्बन्सच्या व्हिएतनामी दुकानांत लेमनग्रास मिळतो तो नुसता खालचा पांढरा दांडा, वरची पाती त्यांनी आधीच कापून टाकलेली असते. म्हणजे आपल्याला हवी ती गोष्ट कचऱ्यात आणि उरलेल्याचे पैसे. घरी कुंडीत दोनदा लावून पाहिला, दोन्ही वेळा जूनच्या थंडीत गेला. मग कुणीतरी सांगितलं की इथलं एक देशी झुडूप आहे, टी ट्री, त्यातल्या एका प्रकाराच्या पानांना अगदी गवती चहाचा वास येतो, आणि ते बारमाही हिरवं असतं. म्हटलं बास, हेच पाहिजे.

एप्रिल 2023 मध्ये दुकानातून 14 डॉलर 90 सेंटला एक झाड आणलं. लेबलवर मोठ्या अक्षरात "टी ट्री", खाली सूर्याचं चित्र, पाण्याच्या थेंबाचं चित्र, "हार्डी ऑस्ट्रेलियन नेटिव्ह", आणि बारकोड. संपलं. शास्त्रीय नाव असेलही, पण बारकोडच्या स्टिकरखाली गेलेलं. घरी आणून लावलं, दोन आठवड्यांनी पानं तोडली, आधण ठेवलं, आणि पानं टाकणार तेवढ्यात बायकोने हातातली पानं चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, "अरे हा बामचा वास आहे, हे पोटात नको घेऊस." चहा वाचला आणि बहुतेक मी पण वाचलो. कारण ते निघालं मेलालुका अल्टरनिफोलिया, म्हणजे तेलवालं टी ट्री. त्याचं तेल फक्त बाहेरून लावायचं असतं, पोटात गेलं तर विषारी, आणि आता माझ्या बाथरूमच्या कपाटात त्याची जी बाटली आहे तिला मुलांना उघडता येणार नाही असं झाकण आहे. आणि हेच झाड नुसतं "टी ट्री" असं लिहून विकतात. लिहिणाऱ्याला एकदा तरी वाटलं नसेल का की हे वाचून कुणीतरी चहा करेल? नाव काय ठेवलंय मग?

परत करायला गेलो तर म्हणाले झाड जिवंत आहे, निरोगी आहे, परत कशाला. बरोबर आहे त्यांचं. तक्रार मेलेल्या झाडाची करता येते, चुकीच्या झाडाची नाही.

मग मे महिन्यात दुसऱ्या नर्सरीतून, या वेळी वास घेऊन, पान चुरगळून, दोनदा विचारून, 22 डॉलरला लेमन-सेंटेड टी ट्री आणलं. लेप्टोस्पर्मम पीटरसोनी. हे नाव आता मला माझ्या पॅन नंबरपेक्षा चांगलं पाठ आहे. याच्या लेबलवर पण ठळक अक्षरात "टी ट्री" आणि खाली बारीक अक्षरात "लेमन". ही बारीक-ठळक अक्षरं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता दोन्ही झाडांबद्दल जरा नीट सांगतो, कारण नेटवर अर्धे लोक एकाचा फोटो लावतात आणि दुसऱ्याची माहिती लिहितात.

दोन्ही एकाच कुळातली, मिर्टेसी. आपलं जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी पण याच कुळातली, त्यामुळे पान चुरगळलं की वास येणारच. दोन्हीची पानं बारीक, अरुंद, लांबून बघितलं तर डिट्टो. पण फूल आलं की कळतं. मेलालुकाचं फूल म्हणजे बॉटलब्रशसारखा पांढरा पिंजलेला कापूस, लेप्टोस्पर्ममचं फूल साधं, पाच सुट्ट्या गोल पाकळ्यांचं, लहान पोराने चित्रात काढावं तसं. मेलालुकाची साल कागदासारखी पापुद्रे सुटणारी. आणि स्वभाव पूर्ण वेगळे. मेलालुका मूळचं न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या दलदलीचं, नदीनाल्यांच्या काठचं, त्याला पाय ओले चालतात. तिकडचे बंडजालुंग लोक त्याची पानं औषधाला पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत. सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात त्या तेलावर काम करून ते जंतुनाशक आहे असं छापलं, तेव्हापासून तेलाचा धंदा. लेमनवालं पण साधारण त्याच भागातलं, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडचं, पण त्याला पाण्याचा निचरा लागतो.

माझी माती म्हणजे बसाल्टची चिकणमाती. हिवाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि जानेवारीत अशा भेगा पडतात की किल्ली पडली तर नवीन करून घ्यायची. सातारकडची आमची काळी रानं पण बसाल्टचीच, त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं ही आपल्या ओळखीची माती आहे. नाही. ओळख देत नाही ती. लेमनवाल्यासाठी मी दीड फूट उंच वाफा केला, जिप्सम घातलं, खत फॉस्फरस कमी असलेलं देशी झाडांचं घातलं (साधं गुलाबाचं खत घालू नका, इथल्या बऱ्याच झाडांना जास्त फॉस्फरस सोसत नाही). चिडून बामवालं कोपऱ्यात टाकलं, छपराच्या पाइपचं पाणी जिथे सांडतं तिथे, जिथे काहीच जगत नव्हतं. मेलं तर मेलं म्हणून.

ते जे सुटलं! ज्याचे लाड केले ते हळूहळू, ज्याला कोपऱ्यात टाकलं ते वर्षभरात माझ्या खांद्याला. मार्च 2024 मध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीला त्याच्या फांद्या लागायला लागल्या, बायकोच्या ओढण्या अडकायला लागल्या, म्हणून मी रागाने गुडघ्याइतकं ठेवून करवतीने सपाट कापलं. सहा महिन्यांत परत छातीपर्यंत, आधीपेक्षा दाट. नंतर वाचलं की तेलाच्या शेतीत हेच करतात, जमिनीलगत कापतात, बुंध्यातून परत फुटतं, परत कापतात, साधारण वर्षा-दीड वर्षाने एकदा, ऊसाच्या खोडव्यासारखं. वाचून इतका आनंद झाला! 14 डॉलर 90 सेंटमध्ये जन्मभराचा खोडवा.

त्या आनंदात तेल काढायचा पण हिशोब केला. ताज्या पाल्याच्या वजनाच्या एक-दोन टक्के तेल निघतं. माझा पाला निघाला साडेतीन किलो, म्हणजे फार तर 70 मिली. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून करता येतं असं एका व्हिडिओत होतं, पण बायको म्हणाली, "माझ्या कुकरला हात लावायचा नाही." विषय संपला. पाला वाळवून आच्छादन म्हणून टाकला, चार दिवस अंगणात दवाखान्यासारखा वास येत होता.

आता लेमनवाल्याकडे येतो, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

चहा. पहिल्यांदा मी उत्साहाने मूठभर पानं टाकली आणि पाच मिनिटं खळखळून उकळली. तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर 2024 ला, आई आली होती. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अरे चहा आहे का ओडोमॉस?" आणि खरंच आहे ते. या पानांत सिट्रल असतं, जे गवती चहात पण असतं, पण जोडीला सिट्रोनेलल पण असतं, डासांच्या मेणबत्तीचा वास तोच. जास्त उकळलं की मेणबत्ती पुढे येते आणि गवती चहा मागे पडतो. दुसऱ्या दिवशी आईने स्वतः केला. पाण्यात आलं घालून उकळू दिलं, चहा पावडर घातली, दूध घातलं, एक उकळी आली की गॅस बंद, आणि मग कपाला सात-आठ पानं हातावर चुरडून टाकली आणि दोन मिनिटं झाकण. बास. हा चहा मी चार जणांना न सांगता दिला, तिघांनी विचारलं गवती चहा कुठून आणला. चौथा साखर सोडलेला आहे, त्याला आजकाल काहीच आवडत नाही. लिंबाचा वास आहे पण आंबटपणा नाही, त्यामुळे दूध फाटत नाही, हे विचारतात बरेच जण.

पानं सावलीत पाच-सहा दिवस वाळवून बरणीत भरली तर वास टिकतो. माझी जून महिन्यातली बरणी अजून चालू आहे. आईने जाताना एक बरणी मागितली होती, साताऱ्यात अंगणात खराखुरा गवती चहा वाढलेला असताना. मी काही बोललो नाही.

डास पळतात म्हणून लावणार असाल तर नका लावू. झाडाखाली बसलो की मला डास चावतात, झाडाला बघून कुणी पळत नाही. पान चुरडून हातावर चोळलं तर थोडा वेळ फरक पडतो, तो पण संध्याकाळी बागेत उभं राहून पानं चोळत बसण्याइतका नाही.

किडीबद्दल एक. दुसऱ्या उन्हाळ्यात फांद्यांच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोळे दिसायला लागले, आत काळपट दाणे आणि सुकलेली पानं, आणि दोन-चार पानं पिवळी. माझ्या पोटात गोळा, कारण मिर्टल रस्ट नावाचा बुरशीचा रोग 2010 पासून इकडे आलाय आणि तो याच कुळाला धरतो, पेरूला पण. पण तो तसा नव्हता, रस्ट असला तर कोवळ्या पानांवर पिवळीधमक पावडर दिसते. ही होती जाळी विणणारी अळी, आणि ते काळे दाणे म्हणजे तिची लेंडी. औषध नको, चहाचं झाड आहे. हातमोजे घालून गोळे ओढून काढले, दोन रविवार गेले.

आता लेबल.

2024 च्या डिसेंबरात लेमनवालं पहिल्यांदा भरभरून फुललं. पांढरंशुभ्र, खाली मधमाश्यांचा नुसता आवाज, आई रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायची. झाड तोपर्यंत माझ्या डोक्याच्या वर गेलेलं आणि कुंपणाच्या बाजूला कललेलं. लेबल मी जपून ठेवलेलं, फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे आजपर्यंत. त्यावर लिहिलंय : ठळक टी ट्री, बारीक लेमन, हार्डी, फुलोऱ्यानंतर छाटणी करावी. एवढंच. मी फेब्रुवारीपर्यंत थांबलो, फुलं गळाली, करवत घेतली. डोक्यात काय होतं, तर टी ट्री. मागच्या वर्षी टी ट्री गुडघ्याइतकं कापलं होतं आणि दुप्पट दाट आलं होतं. हे पण टी ट्री. लेबल पण म्हणतंय कापा. कुंपणाच्या बाजूने सुरुवात केली आणि सगळ्या फांद्या खाली, जिथे पान नाही, नुसतं करडं लाकूड आहे, तिथपर्यंत आणल्या.

आणि ग्रीन बिन, म्हणजे बागेच्या कचऱ्याचा डबा, भरला. आमच्याकडे तो दोन आठवड्यांनी उचलतात. झाकण लागेना, म्हणून उरलेलं अर्धं झाड पुढच्या फेरीला कापू म्हणून करवत आत ठेवली.

त्या बिनमुळे झाड वाचलं. पुढच्या फेरीच्या आत शेजारचे माल्टीज (मूळचे माल्टा देशाचे) आजोबा कुंपणावरून डोकावले. वय असेल ऐंशीच्या पुढे, साठ वर्षं इकडे बागा करतायत. कापलेली बाजू बघून त्यांनी टोपी काढली. खरंच काढली, मयताला काढतात तशी. मग मला सांगितलं की टी ट्रीला, त्यांच्या भाषेत "या वाल्या टी ट्रीला", जुन्या लाकडावर फूट येत नाही. जिथपर्यंत हिरवं पान आहे तिथपर्यंतच कापायचं, दर वर्षी थोडं थोडं, टोकं खुडल्यासारखं. उघड्या लाकडावर गेलात की गेलं. मी म्हटलं मागच्या कोपऱ्यातलं तर आलं की, तर म्हणाले ते वेगळं. मी म्हटलं दोघांचं नाव एकच आहे. ते म्हणाले, "माझ्या दोन जावयांचं नाव पण एकच आहे."

मी मार्च बघितला, एप्रिल बघितला, सप्टेंबरच्या वसंतात रोज सकाळी ब्रश करत जाऊन बघितलं. एक कोंब नाही. समोरून हिरवंगार झाड, कुंपणाच्या बाजूने टक्कल, करड्या खुंट्या वर आलेल्या. गच्चं कंगवा फिरवून पुढून झाकलेलं पण मागून दिसणारं टक्कल असतं ना, तसं. आणि ते टक्कल बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आलंय. भांडी घासताना रोज समोर.

मग नर्सरीशी पत्रव्यवहार. माझं म्हणणं साधं होतं : पैसे नकोत, लेबल बदला. "छाटणी करावी" याच्या पुढे "फक्त हिरव्या भागात" एवढे तीन शब्द घाला. त्यांचं उत्तर, छाटणी ही ग्राहकाची जबाबदारी. मी लिहिलं, तुम्हीच सांगितलं छाटा. ते म्हणाले, योग्य पद्धतीने. मी लिहिलं, योग्य पद्धत कुठे लिहिली आहे. ते म्हणाले, लेबलवर जागा मर्यादित असते. मी लेबलचा फोटो काढून पाठवला, पट्टी ठेवून, की पाण्याच्या थेंबाच्या चित्राला दोन सेंटिमीटर जागा दिली आहे. थेंब कशाला? झाडाला पाणी लागतं हे मला माहीत आहे!

त्यावर त्यांनी लिहिलं की "टी ट्री" हे प्रचलित नाव आहे, त्याला त्यांचा इलाज नाही. हे मात्र खरं आहे, आणि शोधत गेलो तर घोळ पार कॅप्टन कुक या जुन्या इंग्रज दर्यावर्दीपर्यंत जातो. 1773 साली त्याचं जहाज न्यूझीलंडच्या डस्की साउंडला होतं, तिथे त्याच्या लोकांनी एका झुडपाची पानं चहासारखी उकळून प्यायली, बिअर करताना पण घातली, आणि त्याला चहाचं झाड म्हणायला लागले. ते झुडूप म्हणजे आजचं मनुका, मधवालं (आपला मनुका नाही), लेमनवाल्याचंच भावंड. म्हणजे मूळ टी ट्री लेप्टोस्पर्मम आहे, ज्याचा खरंच चहा झाला. मग ते नाव मेलालुकाला पण चिकटलं, आणि जगभर शाम्पूवर प्रसिद्ध झालं ते हे दुसरं, ज्याचं तेल पोटात घेता येत नाही. कुकला मी ईमेल करू शकत नाही. नर्सरीला करू शकतो, केले, नऊ केले.

त्यांनी शेवटी 20 टक्क्यांचं व्हाउचर दिलं, 50 डॉलरच्या वरच्या खरेदीवर. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून मी ते वापरणार नव्हतो. मग त्याची मुदत संपायला आली, म्हणून मागच्या शनिवारी वापरलं, पोटिंग मिक्सच्या पाच पिशव्या आणल्या. जाता जाता टी ट्रीच्या स्टँडवर बघितलं. तेच लेबल, तोच थेंब.

स्टार किती द्यायचे यावर माझं मत तीनदा बदललंय. फेब्रुवारीत एक दिला असता. हा रिव्ह्यू लिहायला बसलो तेव्हा दोन मनात होते. पण लिहिता लिहिता मध्ये उठून चहा केला, आणि खरं सांगायचं तर 22 डॉलरात आता जवळपास वर्षभर, थंडीत पण, रोज दोन वेळा गवती चहाचा चहा, व्हिएतनामी दुकानात पांढऱ्या दांड्याला घातलेले पैसे वाचले, आणि पाणी पहिल्या उन्हाळ्यानंतर जवळपास दिलंच नाही, फक्त चाळीसच्या वर तापमान जाणार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी. लेमनवाल्याला चार. अर्धा टकलासाठी कापणार होतो पण ते टक्कल माझं आहे. कोपऱ्यातल्या बामवाल्याला पण चार, मला त्याचा काही उपयोग नाही तरी, कारण त्याचा जीव बघून बरं वाटतं. लेबलला शून्य.

आजोबांच्या सल्ल्याने आता हिरव्या बाजूची टोकं दर महिन्याला बोटाने खुडतो, तीच चहाला वापरतो, आणि खिडकीसमोरच्या खुंट्यांवर एक इथलीच देशी वेल सोडली आहे, जांभळ्या फुलांची. तिच्या लेबलवर पण "छाटणी करावी" लिहिलंय. मी काही हात लावलेला नाही. दोन्ही झाडांसमोर आइस्क्रीमच्या डब्याच्या पट्ट्या कापून मार्करने लिहून ठेवलंय, एकावर "पिणे, फक्त हिरवं कापणे", दुसऱ्यावर "न पिणे, कसंही कापणे".

बामवालं परत दोरीपर्यंत आलंय, डिसेंबरात कापणार आहे. टारनेट, ट्रुगनिना, पॉइंट कुककडच्या कुणाला पाला हवा असेल तर कळवा, ग्रीन बिनमध्ये जागा नाही. करवत मी देईन, पिशवी तुमची आणा.